कानामागचे केस

माझ्या हाताखालून एकदा गेलेलं डोकं मी विसरत नाही. तोंडं विसरतो. नावांचं तर विचारूच नका, बायको म्हणते लग्नात तुम्ही माझंही विसरला होतात. पण डोकं बोटांना आठवतं. कोणाचं मागून चपटं, कोणाच्या टाळूवर लहानपणी पडल्याची खोक, कोणाला उजव्या कानाशी वस्तरा गेला की गुदगुल्या होतात. सव्वीस वर्षं झाली या दुकानाला. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, आणि रस्ता ओलांडला की समोर हॉकीच्या मैदानाचं फाटक.

त्याचं डोकं पहिल्यांदा हाताखाली आलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. अंगाने इतका बारका की खुर्चीच्या हातांवर फळी टाकून बसवावा लागला. बहीण घेऊन आली होती. आईबाप दीड वर्षात पाठोपाठ गेलेले, आणि ही बावीस वर्षांची पोर शर्टांच्या कारखान्यात दिवसाला तीनशे कॉलर शिवून घर चालवत होती. मी त्याचे केस ओले केले आणि पाहिलं तर डोक्यावर दोन भोवरे.

"दोन लग्नं आहेत बरं का नशिबात," मी म्हणालो.

"आधी गणितात पास होऊ दे, काका," बहीण म्हणाली. पोरगा आरशात बघून लाजला. तेव्हापासून दर महिन्याला तो माझ्याकडेच. दुसऱ्या कोणाच्या कैचीखाली बसला नाही.

हॉकी त्याला समोरच्या मैदानानेच लावली. शाळा सुटली की दप्तर माझ्या बाकाखाली सरकवायचा आणि पळायचा. सतराव्या वर्षी क्लबच्या मोठ्या संघात आला, मागे, बचावाला. आणि खेळायचा कसा! समोरचा गडी चेंडू घेऊन सुसाट यायचा आणि हा नुसता उभा. आम्ही ओरडायचो, "अरे जा ना अंगावर!" हा एक पाऊल डावीकडे सरकायचा, काठी जमिनीला टेकवायचा, आणि चेंडू आपल्या पायांनी चालत आल्यासारखा त्याच्या काठीवर येऊन थांबायचा. समोरचा बिचारा रिकामी काठी घेऊन चार पावलं पुढे निघून जायचा. कोच म्हणायचे, असा खेळ वाचणारा पोरगा दहा वर्षांत पाहिला नाही, याला पिकू द्या, घाई करू नका.

पण आम्हाला घाई होती. आम्ही म्हणजे मी, आमचा पोस्टमन आणि क्रेनवाले. पोस्टमन टपाल वाटून झालं की माझ्या दुसऱ्या खुर्चीत पाय पसरून बसायचा आणि गिऱ्हाईक आलं तरी उठायचा नाही. क्रेनवाले कारखान्यातून रिटायर झालेले. डाव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून आले होते, आणि बोटं गेल्यावरही शिफ्ट पुरी केली हे दिवसातून एकदा तरी सांगायचे. तिघांपैकी एकानेही आयुष्यात हॉकीची काठी हातात धरलेली नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच आमचं कौशल्य. पण संघात कोण हवा, कोण नको, कोणाच्या अंगात दम आहे आणि कोण नुसता दिखाऊ, याचा निकाल माझ्या दुकानात लागायचा. गंमत म्हणजे खेळाडूंनाही तो खरा वाटायचा.

आता पेनल्टी कॉर्नर म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं. गोलाजवळ बचाव करणाऱ्यांची चूक झाली की समोरच्यांना हा कॉर्नर मिळतो. गोलरेषेवर गोलकीपर आणि बचावाचे चार जण. चेंडू बाजूने बाहेर जातो, तिथे समोरचा सगळ्यात जबरदस्त मारणारा तयार असतो, आणि तो सरळ गोलावर सोडतो. चौघांपैकी एकाचं काम एवढंच, की चेंडू निघाला रे निघाला की त्या मारणाऱ्याच्या अंगावर धावत सुटायचं. चेंडू काठीने अडवायचा, नाही जमलं तर मांडीने, पोटाने, छातीने. तोंडावर मुखवटा असतो, हातमोजे असतात, गुडघ्याला पॅड असतो. कानामागे काही नसतं.

हे काम त्याच्याकडे होतं, आणि तिथे तो अंग चोरायचा. पळायचा, काठी घालायचा, पण शेवटच्या क्षणी कंबर वळवून चेंडूला वाट द्यायचा. कोच म्हणायचे, बरोबर करतो, काठीने दहातले सहा अडवतोय, अजून काय हवं?

"काय हवं म्हणजे? छाती हवी!" क्रेनवाले म्हणायचे. "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. हा नुसता कापूस आहे."

झालं. नाव पडलं, कापूस. पोस्टमनने ते टपालाबरोबर घरोघर वाटलं. आणि मी काय केलं? मी आरशाच्या कडेला काळ्या पेनने दोन रकाने आखले. डावीकडे काठीने अडवलेले कॉर्नर, उजवीकडे अंगाने अडवलेले. उजवीकडची एक खूण डावीकडच्या दोनांबरोबर धरायची, असं आम्ही ठरवलं. कोणी ठरवायला सांगितलं होतं? कोणी नाही. रिकामा न्हावी आणि भिंतीला तुंबड्या, ही म्हण आमच्याच जातकुळीवर केली आहे, आणि मी ती शब्दशः खरी केली.

तो केस कापायला बसला की तो रकाना बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर यायचा. डावीकडे बावीस खुणा. उजवीकडे एक, तीही चुकून पोटरीला लागलेली. एकदा अंतिम सामना त्या कंबर वळवण्यामुळे गेला. चेंडू त्याच्या बरगडीपासून चार बोटांवरून आत शिरला. दुसऱ्या दिवशी दुकानात आमचा दरबार भरला होता आणि पोस्टमन त्याची नक्कल करत होता, टॉवेल कमरेला गुंडाळून, नाचणाऱ्या बाईसारखी कंबर उडवत. आम्ही पोट धरून हसलो. मी आरशात पाहिलं तर दारात तो उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे. मी म्हणालो, "ये रे, बस," पण तो आला नाही. त्या महिन्यात केस वाढलेलेच ठेवले त्याने.

पुढच्या सामन्यापासून तो बदलला. पहिल्याच कॉर्नरला बाणासारखा सरळ धावला, वळला नाही, आणि चेंडू मांडीवर असा बसला की आवाज आमच्या बाकापर्यंत आला. बाकांमागे पत्र्याची भिंत आहे, तिच्यावर आम्ही दोन्ही हातांनी ठोकत सुटलो. क्रेनवाले आठ बोटांनी ठोकत होते, डोळ्यांत पाणी. "कापूस नाही रे, ऐरण आहे ऐरण! घाला किती घाव घालायचे ते!"

तेच नाव मग राहिलं. दोन वर्षांत उजवा रकाना भरत गेला. अंगावर त्याच्या निळे, हिरवे, पिवळे डाग, एक जुना होईपर्यंत दुसरा नवा. मानेवर कापड गुंडाळताना मला दिसायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटायचा. जणू मीच घडवला. त्याचं ते चेंडू वाचणं, ते एक पाऊल डावीकडे सरकणं, ते कमी कमी होत गेलं. जिथे काठीने भागत होतं तिथेही आता तो अंग घालायला लागला, कारण उजवीकडची खूण दुप्पट होती. कोच त्याला ओरडायचे. आम्ही कोचला हसायचो.

एक दिवस त्याची बहीण दुकानात आली. पुरुषांच्या दुकानात बायका सहसा उंबरा ओलांडत नाहीत, ती ओलांडून थेट आरशाशी गेली.

"काका, या खुणा पुसा."

"अगं पोरी, कौतुक आहे ते त्याचं."

"रात्री कुशीवर झोपता येत नाही त्याला. उठताना भिंत धरतो. काल त्याने मला सांगितलं, ताई, अजून चार झाले की चाळीस होतील. चाळीस काय होतील, काका? हे असलं कौतुक मला नको."

"खेळ आहे, लागायचंच थोडंफार," पोस्टमन खुर्चीतून म्हणाला. "उद्या वरच्या संघात गेला, नोकरी लागली, की तूच पेढे वाटशील." तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी कैची पुसत बसलो. मग ती गेली, आणि आम्ही तिच्यामागे हसलो नाही, एवढं मात्र खरं.

जिथून सगळं बिघडलं तो सामना बुधवारी होता. पुढच्या रविवारी वरच्या संघाची निवड करायला माणसं येणार होती, आणि आमच्या क्लबमधून इतक्या वर्षांत कोणाला बोलावणं आलंच तर यालाच येणार होतं. निवड झाली की पक्की नोकरी, बहिणीच्या कॉलर सुटल्या. बुधवारी दुसऱ्या सत्रात समोरच्यांना कॉर्नर मिळाला, तो धावला, चेंडू कोणाच्या तरी काठीला लागून उडाला आणि याच्या डाव्या कानामागे बसला. तो गुडघ्यांवर आला. आमचे हात पत्र्यावर होतेच. तो आवाज ऐकून त्याने मान वर केली, आमच्या बाजूला बघून हात उंचावला आणि उठून उभा राहिला. कोचनी बोटं दाखवून विचारलं किती, त्याने बरोबर सांगितलं. मी त्याच संध्याकाळी चाळिसावी खूण केली.

शुक्रवारी दुपारी तो केस कापायला आला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. बसल्या बसल्या म्हणाला, "काका, तो आरशावरचा दिवा बंद करा ना." मी केला. "रेडिओ पण." तोही केला. डोळे मिटून बसला होता. चेहरा राखेसारखा. मी पाणी मारलं, कंगवा घातला, मशीन मागून वर नेत डाव्या कानाशी आलो आणि माझा अंगठा थांबला.

सव्वीस वर्षं डोकी हाताळतोय. टेंगूळ कसं लागतं हे मला कोणी शिकवायला नको. टेंगूळ टणक असतं. हे मऊ होतं. पिकून गळायला आलेल्या फळासारखं, आणि माझ्या तळव्याएवढं. मी हात उचलायच्या आत तो खुर्चीतून उठला, बेसिनपर्यंत गेला आणि ओकला. भडाभडा. मग तोंड धुऊन परत येऊन बसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कालपासून. काका, कोणाला बोलू नका. कोचसरांना कळलं तर बसवतील. डोक्याला लागलं की दहा दिवस बाहेर, हा त्यांचा नियम आहे. रविवार जाऊ द्या. सोमवारी सकाळी डॉक्टरकडे जातो. ताईची शपथ."

मी काय म्हणायला हवं होतं ते शेंबड्या पोरालाही कळेल. मी म्हणालो, "नक्की सोमवारी?"

"नक्की."

आणि मग मी माझ्या धंद्यातली कला दाखवली. सगळीकडे बारीक केले आणि डाव्या कानामागे केस लांब ठेवले. असे उतरवत आणले की सूज त्यांच्याखाली झाकली गेली, आणि दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून उजवीकडेही थोडे राखले. हातात आरसा धरून त्याला मागची बाजू दाखवली. तो म्हणाला, "काही कळत नाही, काका. मस्त." इतक्या वर्षांत मी इतकं सफाईदार काम केलेलं नाही.

तासाभराने कोच दाढीला आले. तोंडाला फेस लावला तसे म्हणाले, "ऐरण येऊन गेला ना? बुधवारपासून मला त्याचं काही पटत नाही. बोलताना थांबतो मधेच. तुमच्या हाताखालून डोकं गेलंय त्याचं. काही लागलं का हाताला?"

पोस्टमन तेव्हा येऊन बसलेला होता. माझ्या उत्तराकडे त्याचे कान. वस्तरा कोचच्या गळ्यावर होता. मी म्हणालो, "ठणठणीत आहे. टेंगूळसुद्धा नाही."

कोचनी डोळे मिटले. "मग झालं," ते म्हणाले. "तुमच्या बोटांवर माझा विश्वास आहे."

कशासाठी केलं मी हे? पैशासाठी नाही. त्याच्या भल्यासाठी असं स्वतःला सांगितलं, पण तेही अर्धंच. मला रविवारी त्या बाकावर बसून शेजारच्याला सांगायचं होतं, तो बघा, आमचा पोरगा, लहानपणी माझ्या फळीवर बसायचा. एवढ्यासाठी. माणूस किती स्वस्तात विकला जातो, ते मला विचारा.

रविवारी मैदान भरलं होतं. निवड करणारे तिघे टोप्या घालून समोर बसलेले. आणि काय सांगू, त्या दिवशी पहिला अर्धा तास तो जुन्यासारखा खेळला. एक पाऊल डावीकडे, काठी जमिनीला, चेंडू काठीवर. एकदा, दोनदा, पाचदा. दोन कॉर्नर आले, दोन्ही काठीने काढले. अंग घातलंच नाही. आता वाटतं, अंगात ताकद नव्हती म्हणून तो डोळ्यांनी खेळत होता. टोपीवाल्यांपैकी एकाने वहीत काहीतरी लिहिलं. पोस्टमनने माझ्या पाठीत थाप मारली. "गेलं रे आपलं पोरगं वर!"

तिसरा कॉर्नर. चेंडू निघाला, तो धावला. पाच-सहा पावलं सरळ, मग दोन वाकडी, आणि तोंडावर पडला. क्रेनवाले ओरडले, "घेतला! अंगावर घेतला!" आणि आम्ही पत्रा बडवायला लागलो. सगळं स्टँड बडवायला लागलं. इतकं आम्ही कधीच बडवलं नव्हतं. मी बडवत होतो, हाताला झिणझिण्या येईपर्यंत. गोलकीपरने हातमोजे फेकले आणि त्याच्याकडे पळाला तरी आम्ही थांबलो नाही. कोच धावत आत गेले, खाली बसले, आणि तिथून आमच्याकडे वळून त्यांनी दोन्ही हात वर केले, बास, बास, बंद करा. मग एकेक करून हात थांबले.

चेंडू त्याच्या जवळूनसुद्धा गेला नव्हता. मारणाऱ्याने फसवून तो बाजूला दिला होता. पोरगा आपोआप पडला होता.

डोकं उघडावं लागलं. आत आठवडाभराचं नाही तरी चार दिवसांचं रक्त साठलेलं होतं म्हणे. बुधवारी, गुरुवारी, निदान शुक्रवारी आणला असता तर, असं डॉक्टर म्हणाले, हे पोस्टमनने येऊन सांगितलं. "चार दिवस! आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही, बोला!" मी दाढीचा फेस घोटत राहिलो. तो एकतीस दिवस इस्पितळात होता. जगला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, आणि बोलणं चार-पाच शब्दांवर आलं.

क्रेनवाले मैदानावर यायचे बंद झाले. पोस्टमन अजून येतो. गेल्या आठवड्यात नव्या बचाववाल्याबद्दल म्हणत होता, चांगला आहे, पण अंगात रग नाही. मी त्याला खुर्चीतून उठवला आणि दुकानाबाहेर काढला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. आरशावरच्या खुणा मी पात्याने खरवडल्या. शाई निघाली, पण काचेवर ओरखडे राहिले, आणि सकाळचं ऊन पडलं की मोजता येतात.

मला वाटलं होतं, ते दोघे पुन्हा माझ्या दारात येणार नाहीत. चौथ्या महिन्यात एका सोमवारी दुकान उघडत होतो तर बहीण त्याला धरून रस्ता ओलांडत होती. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा. मी पुढे होऊन दुसऱ्या बाजूने धरला. खुर्चीत बसवला, कापड गुंडाळलं. डाव्या बाजूला शिवणीची लांब रेघ, तिच्यावर केस आलेच नव्हते. दोन भोवऱ्यांपैकी एक त्या रेघेत गेला होता. माझी बोटं काही केल्या खाली टेकेनात.

तो आरशाच्या कडेकडे बघत होता. उजव्या रकान्याकडे. तोंडाची डावी बाजू हलली. "किती?" तो म्हणाला.

मी बहिणीकडे पाहिलं. ज्या बाकाखाली त्याचं दप्तर असायचं, त्याच बाकावर ती बसली होती.

"सांगा ना, काका," ती म्हणाली. "मोजत तर तुम्हीच होतात."

"चाळीस," मी म्हणालो.

तो अर्ध्या तोंडाने हसला. मी मशीन सुरू केलं. पाठीमागून तिचा आवाज आला, काही चढा नाही, नेहमीसारखाच.

"कानामागचे बारीक करा. या वेळी लांब ठेवू नका."

मशीन हवेत घुमत होतं.

"त्या रविवारी नर्सने डोकं भादरलं तेव्हा मीच केस गोळा केले," ती म्हणाली. "बाकी सगळे नखाएवढे होते, आणि कानामागचे बोटाएवढे. नर्सने विचारलं, असे कोणी कापले?"

"पोरी, मग इथे कशाला आणलंस त्याला?" मी विचारलं. "दुसरी दुकानं नाहीत का गावात?"

"दोन ठिकाणी नेलं. हात लावला की किंचाळतो. तुमच्याशिवाय कोणाच्या हातात डोकं देत नाही." तिने पर्समधून रुमाल काढला आणि उठून त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातली लाळ पुसली. "कापा आता. मला साडेनऊला कामावर जायचंय."

त्याने डोळे मिटले आणि डोकं माझ्या तळव्यावर टेकवलं, अकराव्या वर्षी टेकवायचा तसंच. मी कानामागचे केस बारीक केले.